राजकुमारी दार्जिलिंग नोकर होती का?

आमच्या वरच्या मजल्यावर एक राजकुमारी राहते, हे मला स्टुटगार्टला येऊन बरेच दिवस झाले तरी ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होती ती फ्रॉयलाइन एर्ना होल्त्सवार्ट. चाळिशीच्या जराशी अलीकडची, रुंद हाडाची, केस पिवळे की पांढरे ते छातीठोक सांगता येऊ नये अशी, आणि दुपारपर्यंत गाढ झोपणारी बाई. माझ्या आईनं दुपारपर्यंत झोपणाऱ्या बाईला दारात उभं केलं नसतं. मी घरात घेतलं, कारण त्या अख्ख्या इमारतीत माझ्याशी सावकाश बोलणारी ती एकटीच होती. बाकीची मंडळी, मला जर्मन कळत नाही म्हणून, तेच वाक्य जास्त मोठ्यानं बोलायची.

ही १९६१ सालची गोष्ट. आमचे हे, म्हणजे भास्कर गद्रे, तिथल्या इंजिनिअरिंगच्या होखशूलमध्ये डॉक्टरेट करत होते. विषय होता, लोखंड किती ताणलं म्हणजे तुटतं. त्यासाठी इतक्या लांब यायची काय गरज होती, पुण्यात माझ्या सासूबाई सुनेवर तोच प्रयोग फुकट करत होत्या, असं मी एकदा म्हटलं. ते त्यांना आवडलं नाही. पण पुढच्या पत्रात त्यांनी ते आईला लिहिलंही नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा.

एर्नाची ओळख झाली ती एका पाटीमुळे. एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी टांगलेली दिसली. वर लिहिलं होतं ‘केअरवोखं’. मला वाटलं, नवीन बिऱ्हाडाचं स्वागत करायची इथली रीत असेल. मी पाटी पुसली, छान दिसेल अशी सरळ केली आणि आत आले. आठवडा संपत आला तसे शेजारी माझ्या नमस्काराला उत्तर देईनासे झाले. शेवटी वरून एर्ना उतरली, अंगात ड्रेसिंग गाऊन आणि हातात बादली.

“फ्राऊ गद्रे, ही पाटी म्हणजे या आठवड्याला जिना तुमचा,” ती म्हणाली. “झाडायचा, पुसायचा, कोपरे बोटानं बघायचे. मग पाटी पुढच्या दारावर. या घरात आजवर दोनदाच खंड पडला, एकदा बॉम्ब पडले तेव्हा, आणि आता.”

तिनं मला जिना पुसायला शिकवलं. स्टुटगार्टकडच्या या श्वाबेन मुलखातल्या लोकांत देव आहे की नाही यावर दोन मतं चालतात. जिन्याच्या कोपऱ्यातल्या धुळीवर चालत नाहीत. तेव्हापासून आमचं जमलं. ती उठली की खाली माझ्याकडे चहाला यायची, आणि मी तिच्याकडून जर्मन शिकायचे. त्यामुळे माझ्या जर्मनला कायमचा बादलीचा वास राहिला, असं आमचे हे म्हणतात.

ती काय काम करते ते मला कपडे वाळत घालायच्या दोरीवर कळलं. माझ्या दोन पातळांच्या मधे काहीतरी चमकत होतं. टिकल्या लावलेलं, आणि इतकं लहान की मला ते पर्सचं अस्तर वाटलं. मी विचारलं. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं.

स्टेशनाजवळ एका तळघरात ‘रोटर पपगाय’ नावाचा बार होता. म्हणजे लाल पोपट. तिथं ती रोज संध्याकाळनंतर नाचायची आणि नाचता नाचता अंगावरचं एकेक उतरवायची. सरकारी भाषेत या कामाला ‘सौंदर्यनृत्य’ असं गोड नाव होतं. रंगमंचावरचं तिचं नाव होतं प्रिन्सेसिन दार्जिलिंग. भारतातल्या देवळातली नर्तकी, साक्षात राजघराण्यातली. नाव बारच्या मालकानं ठेवलेलं, हेर क्नोडलर यांनी. ते त्यांना कुठं सापडलं, तर चहाच्या डब्यावर.

“बरं झालं, ते त्या दिवशी कॉफी पीत नव्हते,” एर्ना म्हणाली.

पुण्याहून आलेल्या मुलीनं अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या मनात आलं होतं की उठावं, कप विसळावा आणि आजपासून हिला लांबून नमस्कार. पण तेवढ्यात तिनं स्वयंपाकघरात, माझा एप्रन बांधून, देवळातलं नृत्य करून दाखवलं. हात नागासारखे, डोळे वर, मधेच दोन्ही तळवे जोडून एक उडी, आणि तोंडानं शेळी ओरडावी तसा काहीतरी मंत्र. मी हसता हसता भिंतीला टेकले.

“हे कुठल्या देवळातलं?” मी विचारलं.

“हेर क्नोडलरच्या.”

यानंतर लांबून नमस्कार करणं शक्यच नव्हतं. उलट तिनं साडी म्हणून गुंडाळलेल्या कापडाचा पदर उजव्या खांद्यावर होता, ते मला सहन होईना. मी तो डाव्या खांद्यावर घ्यायला शिकवलं. उतरवायचाच असला तरी पदर आधी नीट घ्यावा, असं माझं मत आहे. दुसऱ्या दिवशी तो परत उजवीकडे. हेर क्नोडलरनी सांगितलं होतं, डाव्या खांद्यावरून तो बाजूच्या टेबलांना दिसत नाही.

एर्नाचा जन्म आल्बच्या डोंगराळ भागातला. लढाईआधी ती एका कारखान्यात बायकांचे आतले कपडे शिवायची. “आधी शिवायचे, मग उतरवायला लागले,” ती म्हणायची, “माल तोच.” कारखाना लढाईत गेला, घर गेलं, ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तोही गेला. हे शेवटचं तिनं एकदाच सांगितलं आणि लगेच साखर मागितली. कारखान्याची तिला एकच गोष्ट राहून राहून आठवायची. तिथला मालक दर आठवड्याला प्रत्येकीच्या कार्डावर विम्याचं तिकीट चिकटवायचा. त्या तिकिटांवर म्हातारपणी पेन्शन. आजारपणाचाही विमा होता, डॉक्टर त्यातून.

“पोपटाकडे कुणी काही चिकटवत नाही,” ती म्हणाली. “चिकटतात ती गिऱ्हाईकं.”

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तिचा गुडघा गेला. देवळातली ती उडी मारताना पाय मुरगळला आणि आत काहीतरी फाटलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा आणि मग बरेच महिने विश्रांती घ्या, नाहीतर काठी घ्या, ती जन्मभर पुरेल. ऑपरेशन करायचं तर क्रांकनकासचा, म्हणजे आजारपणाच्या विम्याचा कागद हवा. क्रांकनकासमध्ये गेली तर तिथल्या बाईंनी कार्डांचे खण उघडून पाहिले आणि सांगितलं, तुमचं नावच नाही. हेर क्नोडलरनी इतक्या वर्षांत तिची नोंदच केली नव्हती.

ती लंगडत त्यांच्याकडे गेली. ते म्हणाले, “प्रिन्सेसिन, तुम्ही तर स्वतंत्र कलावंत! कलावंताचा विमा मालक कसा काढणार? कलावंताला मालकच नसतो.”

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण त्याच सुमारास तिला फिनान्झाम्टची, म्हणजे कर कचेरीची नोटीस आली. आपण स्वतंत्र व्यवसाय करता असे समजते, तरी मागच्या वर्षांचा हिशेब द्यावा आणि कर भरावा. हे समजलं कुणाकडून, ते सांगायला नको. नोकर असती तर कर मालकानं पगारातून कापून भरायचा होता. म्हणजे कामाला उशीर झाला की ती बोलणी खाणारी नोकर, पाय मोडला की कलावंत आणि कर भरायचा झाला की दुकानदार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

एर्ना रडली नाही. ती परत क्रांकनकासच्या बाईंकडे गेली. त्या बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, “फिनान्झाम्टनं जर मानलं की हा माणूस तुमचा मालक आहे आणि तुम्ही त्याच्या नोकरीत आहात, तर आम्हालाही मानावं लागेल, अगदी पहिल्या दिवसापासून.” एर्नानं नोटिशीला हरकत घेतली. थोडक्यात, तिचा गुडघा आता फिनान्झाम्टच्या हातात होता.

हेर त्साइझर नावाचे तिथले अधिकारी म्हणाले, मी जागेवर येऊन बघतो आणि दोन्ही बाजू ऐकतो. साक्षीदार असतील तर आणा. आता साक्षीदार कोण? बारमधला वेटर आणि पियानोवाला, दोघांनाही अचानक काही आठवेना. त्यांनाही तिथंच भाकरी मिळवायची होती, मी त्यांना दोष देत नाही. मग एर्नानं आमच्या ह्यांना विचारलं. एवढंच सांगायचं होतं की भारतात असलं नृत्य नाही, अशी राजकुमारी नाही, हे सगळं मालकानं बनवलेलं आहे आणि ही बाई तो सांगेल ते करते. एक वाक्य. ते मी आमच्या ह्यांच्याकडून दाढी करताना, बूट घालताना आणि ट्राममध्ये बसल्यावर म्हणून घेतलं.

“अहो, एकच वाक्य हं,” मी म्हटलं.

“गेनाऊ, बरोब्बर,” ते म्हणाले. “अगं, मी काय लहान आहे? सिम्पल स्टेटमेंट आहे.”

सकाळी बार बघणं म्हणजे नाटक संपल्यावर विंगेत जाणं. खुर्च्या टेबलांवर उलट्या, हवेत शिळ्या सिगारेटींचा वास, आणि भिंतीवरचा लाल पोपट दिवसा चक्क तपकिरी. हेर त्साइझर एका टेबलाशी बसले होते. करड्या रंगाचा कोट, गुडघ्यांवर चामड्याची बॅग, चेहरा असा की या माणसानं आयुष्यात कधी गाण्याला मान हलवली नसेल. हेर क्नोडलर गुबगुबीत, हसतमुख, पांढऱ्या रुमालानं सारखे काहीतरी पुसणारे. एर्ना पाय सरळ करून बसली होती. तिनं चर्चला जायचा काळा कोट घातला होता आणि गळ्यापर्यंत बटणं लावली होती.

“आल्झो, तर मग,” हेर त्साइझर म्हणाले, “देव माणसं घडवतो आणि आमच्याकडे पाठवतो. आम्हाला त्यांना तीन खणांपैकी एकात ठेवावं लागतं. कलावंत, धंदेवाला किंवा नोकर. चौथा खण नाही. नाचते कशी, हा प्रश्न माझा नाही. कुणाच्या सांगण्यावरून नाचते, एवढाच आहे. कामाची वेळ कोण ठरवतं?”

“तिची प्रतिभा,” हेर क्नोडलर म्हणाले.

“रोज त्याच वेळी?”

“फार नियमित प्रतिभा आहे.”

“वेष कुणाचा?”

“वेष माझा. पण हेर इन्स्पेक्टर, तो अंगावर असतोच किती वेळ?”

हेर त्साइझर यांनी हे गंभीरपणे लिहून घेतलं. एर्ना म्हणाली, उशीर झाला तर हे ओरडतात. क्नोडलर म्हणाले, मी काळजी करतो. ती म्हणाली, संगीत हेच ठरवतात. ते म्हणाले, मी सुचवतो. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे लोणी लावलेलं उत्तर तयार होतं. लेखी करार नव्हताच. मला दिसत होतं की एर्नाचे हात मांडीवर घट्ट होत चालले आहेत.

मग हेर त्साइझर आमच्या ह्यांच्याकडे वळले. खुर्ची पुढे केली. “हेर गद्रे, आपण भारतीय आहात, शिकलेले आहात. या बाईंच्या नृत्याबद्दल काय सांगाल?”

इथं घोड्यानं पेंड खाल्ली. पुण्याच्या माणसाला चारचौघांत खुर्ची पुढे करून ‘दोन शब्द’ सांगायला लावले की काय होतं, ते मला आधीच कळायला हवं होतं. शिवाय समोर खुद्द एर्ना बसलेली. जिच्या हातचा केक खाल्ला तिच्या तोंडावर सांगायचं की बाई, तुमचं नाचणं खोटं आहे? आमच्या ह्यांच्या सात पिढ्यांत असं कुणी केलेलं नाही. त्यांनी घसा साफ केला.

त्यांनी सुरुवात केली ती चार हजार वर्षांपासून. भारतीय नृत्याची परंपरा, शिल्पं, गुरु आणि शिष्य. मग ते एर्नाकडे आले. इतक्या दूरच्या देशात, इतक्या प्रतिकूल परिस्थितीत, या भगिनीनं ही ज्योत तेवत ठेवली आहे. फक्त शाल आणि नारळ द्यायचा राहिला होता. मी टेबलाखालून पाय मारला, तो टेबलाला लागला. आणि शेवटी, आवाज जरा कापरा करून, ते म्हणाले:

“हेर इन्स्पेक्टर, या फार मोठ्या कलावंत आहेत. आणि खरा कलावंत कधी कुणाचा नोकर नसतो!”

हेर क्नोडलर यांनी टाळ्या वाजवल्या. “लिहून घ्या! त्यांचाच साक्षीदार! लिहून घ्या!”

हेर त्साइझर लिहून घेत होते. गणपती करता करता मारुती झाला. ह्यांना अजून काही कळलेलंच नव्हतं, ते कृतकृत्य चेहऱ्यानं एर्नाकडे बघत होते. एर्नाचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. तरी ती त्यांच्याकडे पाहून किंचित हसली. तिचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नसावं, आणि केलं ते नेमकं तिचा गुडघा बुडवायला. मला तिच्या त्या हसण्यानं भडभडून आलं.

हेर त्साइझर यांनी पेनाला टोपण लावलं. “मग हे स्पष्टच दिसतं,” असं म्हणून ते उठले आणि जिन्याकडे निघाले. हेर क्नोडलर त्यांना पोचवायला मागोमाग, रुमाल हलवत, आयत्या बिळावरच्या नागोबासारखे डुलत.

मला राग आला की हाताला लागेल ते मी फेकते. लहानपणापासूनची सवय. त्या वेळी हाताशी काहीच नव्हतं, समोर फक्त जिना होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“हेर क्नोडलर,” मी ओरडले, “तुमचा जिना घाण आहे!”

सगळे थांबले. खरं सांगायचं तर जिना लख्ख होता. आमच्या घरच्यापेक्षाही लख्ख. पितळेच्या पट्ट्यांत तोंड दिसत होतं. पण मी दीड वर्ष श्वाबेन लोकांत काढलं होतं. त्यांना चोर म्हटलेलं एक वेळ चालतं.

हेर क्नोडलर वळले. त्यांचा हसरा चेहरा कुणीतरी पुसून काढल्यासारखा गेला. “घाण?” ते म्हणाले. “माझा जिना? घाण?”

“कोपऱ्यात धूळ आहे. कुणी झाडतच नसणार.”

“झाडत नाही?” त्यांचा आवाज चिरकला. “हेर इन्स्पेक्टर, हे बघा, बोट फिरवा! फिरवा बोट! माझ्या बापाच्या काळापासून या घरात केअरवोखं आहे! सगळ्यांना! वेटरला एक आठवडा, पियानोवाल्याला एक आठवडा, हिला एक आठवडा! पाटी आहे माझ्याकडे, कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला लावतो! मी स्वतः कोपरे तपासतो!”

“हिला?” हेर त्साइझर म्हणाले.

“का नाही? हिला काय जास्त शिंगं आहेत? गेल्या ऑक्टोबरात हिनं खालची पायरी सोडली होती. मी हिला स्टेजवरून खाली बोलावलं आणि पूर्ण जिना परत पुसायला लावला, मगच पुढचा नाच. त्या वेषात! गिऱ्हाईकं थांबली तर थांबली. माझ्या घरात हे असं चालतं!”

हेर त्साइझर पायरीवर उभे राहिले. मग त्यांनी शांतपणे एर्नाला विचारलं, “फ्रॉयलाइन होल्त्सवार्ट, आपण या इमारतीत राहता?”

“नाही. मी फ्राऊ गद्रेंच्या इमारतीत राहते.”

“तिथं केअरवोखं करता?”

“अर्थातच,” एर्ना म्हणाली, जरा दुखावल्या स्वरात. “या आठवड्यात माझीच आहे. सकाळी पुसून आले.”

“त्या गुडघ्यानं?”

“पाटीला गुडघा कुठं दिसतो?”

हेर त्साइझर परत खाली आले, बसले आणि पेनाचं टोपण काढलं. “हेर क्नोडलर,” ते म्हणाले, “माणूस राहतो तिथला जिना पुसतो, ते मला समजतं. माझी बायको पुसते, मी बादली भरून देतो. पण जिथं राहत नाही तिथला जिना माणूस एकाच कारणानं पुसतो. त्याला तसा हुकूम असतो म्हणून. मी या नोकरीत पुष्कळ स्वतंत्र कलावंत पाहिले. एकालाही खालची पायरी पुन्हा पुसायला लावलेलं पाहिलं नाही.”

हेर क्नोडलर यांनी रुमालानं पायरीची पितळी पट्टी पुसली. जिन्याबद्दल बोललेलं आता मागं कसं घेणार? जिना पुसलाच जात नाही, असं म्हणावं लागलं असतं. ते त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. विम्यात आणि करात बुडायला ते तयार झाले, जिन्याच्या अब्रूत नाही. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल थोडा आदरच वाटला, आणि अजून वाटतो.

बाहेर पडल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, “बरं झालं ना माझं भाषण?” एर्ना म्हणाली, “हेर गद्रे, फार सुंदर. माझ्या मयताला पुन्हा करा.” ते खूश झाले. घरी गेल्यावर मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ लोखंडाचं पुस्तक वाचत बसले. संध्याकाळी मला न सांगता वर गेले आणि तिच्या पाळीचा जिना परत एकदा पुसून आले. गद्र्यांच्या घराण्यातल्या पुरुषानं फरशीला फडकं लावल्याची ती पहिली नोंद असावी. पत्रात तेही त्यांनी आईला लिहिलं नाही.

निकाल लागला तो असा. एर्ना होल्त्सवार्ट ही हेर क्नोडलर यांची नोकर होय, पहिल्या दिवसापासून. कर त्यांनी कापून भरायला हवा होता, विमा त्यांनी उतरवायला हवा होता, पेन्शनची वर्गणीही त्यांनीच. तिची हरकत मान्य. एर्नानं तो निकाल माझ्या स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं वाचला. ‘नोकर’ या शब्दाशी ती थांबली आणि रडायला लागली. दोन वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. नोकर म्हटल्यावर आनंदानं रडणारं माणूस मला त्याआधी ठाऊक नव्हतं. मीही रडले. मग आम्ही शिरा खाल्ला.

ऑपरेशन झालं. मी डबा घेऊन तिला भेटायला गेले. बायकांचा मोठा वॉर्ड, पलंगांची लांब रांग. शेजारच्या पलंगावर एक सुरकुतलेली म्हातारी होती, फ्राऊ बाल्त्स. हात पाण्यात राहून राहून कायमचे लाल झालेले, आणि उशीखाली प्रार्थनेचं पुस्तक. तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “तुमची मैत्रीण काय काम करते हो?”

मी पटकन म्हटलं, “दुकानात असते. मोठ्या दुकानात.” तिची अब्रू झाकायला मी एवढं तरी करायला हवं, असं मला वाटलं.

“फ्राऊ गद्रे,” एर्ना पलंगावरून म्हणाली, “खोटं कशाला? एवढं भांडून मिळवलंय.” आणि ती म्हातारीकडे वळली. “मी बारमध्ये नाचते. कपडे उतरवते. पक्की नोकरी आहे.”

पलीकडच्या दोन बायकांनी विणकाम थांबवलं. फ्राऊ बाल्त्सनं उशीखालचं प्रार्थनेचं पुस्तक बाहेर काढलं. आता हिला पलंग बदलून हवा असणार, असं मी धरूनच चालले होते.

“पेन्शनसकट?” म्हातारीनं विचारलं.

“पेन्शनसकट.”

“तिकिटं चिकटवतो मालक?”

“आता चिकटवतो.”

म्हातारीनं मान हलवली. “मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुतले,” ती म्हणाली. “तीन घरांत. कुणी माझ्या नावानं एक तिकीट चिकटवलं नाही. म्हणायचे, तू काय, येऊन जाऊन असणारी, तुझी तू मुखत्यार. पोराच्या जिवावर जगते आता.” मग आपल्या लाल हातांकडे बघून ती म्हणाली, “धुण्याऐवजी उतरवायला हवे होते.”

सगळा वॉर्ड हसला. विणणाऱ्या बायका हसल्या, मी हसले, दारातली नर्ससुद्धा तोंड फिरवून हसली. फ्राऊ बाल्त्स स्वतःही हसली, दात नसलेल्या तोंडानं.

एर्ना हसली नाही. तिनं उशी पाठीशी घेतली, प्लास्टरमधला पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला आणि म्हातारीकडे वाकली.

“फ्राऊ बाल्त्स,” ती म्हणाली, “कुठल्या दिवशी यायचं ते कोण ठरवायचं? उशीर झाला तर बोलायचे का? आणि नीट आठवून सांगा, साबण कुणाचा असायचा, त्यांचा की तुमचा?”